'ओव्हरराइड'ला अधिक्रमण म्हणावं का?

अंधेरीतल्या एका वाचकाने विचारलंय: कंपनीत नव्याने आलेल्या मुलांसाठी डॉकर कंपोझची (एखाद्या अ‍ॅपचे सगळे भाग फाइलीत लिहून एकत्र चालवायचं साधन) टिपणं मराठीत करतोय. मूळ फाइलवर दुसरी फाइल चढवतात, त्या 'ओव्हरराइड'ला 'अधिक्रमण' म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. शब्द भारदस्त आहे, मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांत हमखास भेटतो. पण तिथे 'आधीचा निर्णय अधिक्रमित करून' म्हटलं की आधीचा कागद बादच. कंपोझमध्ये मूळ फाइल बाद होत नाही. शेजारी 'कंपोझ.ओव्हरराइड.यॅमल' ठेवली की ती आपोआप वाचली जाते आणि तिच्यात लिहिलंय तेवढंच बदलतं. मंत्रालयाच्याच भाषेत सांगायचं तर हे शुद्धिपत्रक झालं: 'अमुकऐवजी तमुक वाचावे', उरलेला मजकूर कायम.

बरं, तेही नेहमी नाही. इमेज (ज्यावरून अ‍ॅपचा भाग चालतो तो तयार साचा) किंवा कमांड (तो सुरू करायची आज्ञा) एकच असते, तिथे नंतरची फाइल जिंकते. पण पोर्टांची, म्हणजे बाहेरून आत यायच्या क्रमांकित दारांची, यादी घ्या. मूळ फाइलीत बाहेरचं पोर्ट ८०८०, दुसरीत ९०९०, तर दोन्ही उघडी राहतात! आपण बदललं असं समजून माणूस निवांत बसतो आणि जुनं दार उघडंच. हे शुद्धिपत्रक नव्हे, पूरकपत्र. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांत (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या नाव-किंमत जोड्यांत) दोन्हीची भेसळ: नाव तेच असेल तर नवी किंमत, नाव नवं असेल तर भर.

म्हणून टिपणांत एकच प्रतिशब्द सगळीकडे ठोकू नका. 'बदलते' आणि 'भर घालते' वेगळं लिहा; एकंदर नियम सांगताना 'नंतरची फाइल वरचढ' पुरे. संस्कृत व्याकरणातला 'बाध' खरं तर चपखल होता, अपवाद उत्सर्गाला, म्हणजे सर्वसाधारण नियमाला, बाधतो तसा. पण मराठीत 'फाइल बाधली' म्हटलंत तर कोणीतरी विचारेल, काल रात्री कुठे जेवलात?

'अधिक्रमण' अगदीच सोडवत नसेल तर त्यालाही जागा आहे. कंपोझच्या २.२४.४ या आवृत्तीपासून यादीपुढे उद्गारचिन्हासह 'ओव्हरराइड' हा टॅग लावता येतो. मग मूळ यादी जाते, नवी तेवढीच राहते. तिथे खुशाल वापरा.

आणि 'डॉकर कंपोझ कॉन्फिग' ही आज्ञा सगळ्या फाइली जुळवून जे छापते, त्याला मी 'सुधारित प्रत' म्हणेन. पोर्टांचा घोळ तिथे लगेच दिसतो.