मराठी रिव्ह्यूंवर सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस: शब्दांची यादी पुरेल की मॉडेल ट्रेन करावं लागेल?

तुम्ही लिहिलंय की एमसीएच्या प्रोजेक्टला हॉटेलांचे मराठी रिव्ह्यू घेतलेत, गिऱ्हाईक खूश की नाराज ते काढायचंय, आणि चांगल्या-वाईट शब्दांची यादी करून भागेल का. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. यादीने सुरुवात करा, बिनधास्त करा, पण तिथेच थांबलात तर मराठीत लवकर आपटाल.

एक तर रूपं. चांगला, चांगली, चांगलं, चांगल्या, चांगल्यापैकी, आणि लोक अनुस्वार खाऊन 'चांगल' पण लिहितात, यादीत एकच असेल तर बाकी सगळे निसटतात. त्यात 'बऱ्याच' मधला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सेम, कॉम्प्युटरला वेगळे शब्द. म्हणून आधी सगळं टेक्स्ट एकसारखं करून घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी आलं तर फेकू नका, देवनागरीत करून घ्या.

पण खरी गंमत नकाराची आहे. २००२ मध्ये पँग, ली आणि वैद्यनाथन यांनी इंग्रजी सिनेमा रिव्ह्यूंवर काम केलं होतं, या विषयात सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यात 'नॉट'सारखा शब्द आला की तिथून पुढच्या विरामचिन्हापर्यंत प्रत्येक शब्दाला नकाराचा शिक्का मारायचा अशी युक्ती वापरली होती. ती जशीच्या तशी मराठीला लावली तर शिक्का रिकाम्या जागेवर पडतो, कारण आपला नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. 'जेवण काही खास वाटलं नाही' यात 'खास' मागे राहिला ना, म्हणजे आपल्याला उलटं मागे जाऊन शिक्का मारायला हवा. शिवाय 'नव्हतं', 'नको', 'घास गिळवेना' यात नकार क्रियापदातच मुरलेला, वेगळा 'नाही' सापडतच नाही. आणि हो, तयार स्टॉपवर्डच्या (बिनकामाचे समजून आधीच गाळायचे शब्द) यादीत 'नाही' आणि 'पण' असतील तर ते आधी काढा, नाहीतर 'आवडलं नाही' चं 'आवडलं' होईल आणि तुम्ही मॉडेलला शिव्या घालत बसाल.

मॉडेलचं, म्हणजे लेबल लावलेल्या रिव्ह्यूंवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचं म्हणाल तर थेट मोठ्यावर उडी नको. अक्षरांचे तीन ते पाचचे तुकडे, टीएफ-आयडीएफ (कुठला तुकडा किती वजनाचा ते ठरवणारं गणित) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या वजनांवरून गट ठरवणारं साधं मॉडेल), एवढं साध्या लॅपटॉपवर चालतं आणि अक्षरांच्या तुकड्यांमुळे ती चांगला-चांगल्या भानगड बरीचशी आपोआप मिटते. मग पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचं महाबर्ट, म्हणजे भरपूर मराठी मजकुरावर आधीच शिकलेलं मोठं मॉडेल, घेऊन फाइन-ट्यून करा, म्हणजे आपल्या रिव्ह्यूंवर थोडं आणखी शिकवा, आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. त्याच गटाचा २०२१ चा महासेंट डेटासेट आहे, साधारण १६,००० ट्वीट, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, न्यूट्रल असे तीन गट. पण ती ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंत व्यक्तींच्या अकाउंटवरची आहेत हो, अभिनंदन आणि टीकेची भाषा, तिच्यावर शिकलेलं मॉडेल 'रस्सा पाणचट' समोर आलं की गडबडणारच. पुढे २०२३ ला सिनेमाचे रिव्ह्यू, मालिकांची सबटायटल वगैरे घेऊन मोठा संच आला, तो जास्त उपयोगी, तरी तुमच्या हॉटेलांचे काही रिव्ह्यू हाताने लेबल करावेच लागतील.

आणि ते लेबलिंग दोघांनी करा, एकमेकांचं न बघता, मग किती ठिकाणी जुळतं ते मोजा. माझं मत विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि विद्यार्थी नेमकं हेच टाळतात. 'ठीक आहे, एकदा जायला हरकत नाही' हे न्यूट्रल की पॉझिटिव्ह यावर दोन माणसांचंच जमत नसेल तर मशीनकडून ९५ टक्के बरोबर उत्तरं कुठून आणणार? स्टार रेटिंगला लेबल समजायचा मोह होईल, पण पार्सल उशिरा आलं म्हणून एक स्टार देऊन खाली 'चव मात्र एक नंबर' लिहिणारे महाभाग भरपूर आहेत. अशा रिव्ह्यूला एकच लेबल लावणं चूकच, चव, सर्व्हिस, किंमत, स्वच्छता असे पैलू वेगळे काढा, वेळ कमी असेल तर निदान 'पण', 'मात्र' वर वाक्य तोडून दोन्ही भाग वेगळे तपासा.

टोमणे मात्र सुटत नाहीत. 'वा, काय सर्व्हिस आहे, पाणी मागवलं ते बिलाबरोबर आलं' यात एकही वाईट शब्द नाही. असे रिव्ह्यू वेगळे टॅग करून ठेवा आणि त्यांच्यावर मॉडेल किती चुकतं ते रिपोर्टमध्ये सरळ दाखवा, व्हायवाला तिथे बोलायला भरपूर मिळतं.

आणि नुसती अ‍ॅक्युरसी, म्हणजे किती टक्के उत्तरं बरोबर आली ते, देऊ नका. डेटात ८० टक्के रिव्ह्यू पॉझिटिव्ह असतील तर डोळे झाकून सगळ्यांना पॉझिटिव्ह म्हणणारा कोड पण ८० टक्के आणतो. मॅक्रो एफ-वन द्या (प्रत्येक गटाचा वेगळा स्कोअर काढून सगळ्यांची सरासरी), सोबत कन्फ्युजन मॅट्रिक्स लावा (खरा गट कुठला आणि मॉडेलने कुठला सांगितला याचा तक्ता) आणि निगेटिव्हच्या ओळीकडे आधी बघा, हॉटेलवाल्याला कामाची तीच असते.