गुंठा, गुंटर आणि कुंटे

प्रश्न खानापूर तालुक्यातून आलाय. आजोबांच्या जुन्या वाटणीपत्रात 'पूर्वपश्चिम साखळी ३॥, दक्षिणोत्तर साखळी २।' असं मोडीत लिहिलंय. हे मीटरमध्ये किती? आणि मोजणीदार म्हणाला, गुंठा हा शब्द गुंटर साहेबावरून आला, हे खरं का?

खरं नाही. गेली वीस वर्षं बेळगावात प्रत्येक प्लॉट-एजंटाच्या तोंडून हेच ऐकतोय, आणि तेच लोक पुढच्या वाक्यात 'प्लॉट दीड गुंठा रुंद आहे' म्हणतात. अहो, गुंठा रुंद नसतो! ते क्षेत्रफळ आहे: ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. रुंदी सांगायची तर साखळी म्हणा, नाहीतर सरळ फूट म्हणा.

आता गुंटर. एडमंड गुंटर हा सतराव्या शतकातला इंग्रज गणिती. त्याची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची, एक कडी ७.९२ इंचांची. आपल्याकडची शंकू साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि भाग सोळा. प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, दोन फूट पाऊण इंच. गुंटरने शंभराचा हिशेब बसवला, आपण सोळा आण्यांचा. बरं, त्याच्या साखळीचा चौरस भरतो चार गुंठे. साहेबाचं नाव द्यायचंच होतं तर साखळीला दिलं असतं, तिच्या चौरसाच्या चौथाईला कशाला? शिवाय ओडिशातही गुंठ आहे, आणि तो एकराचा पंचविसावा भाग, आपल्यासारखा चाळिसावा नाही. शब्द आधीचा आणि माप नंतर बसवलेलं, असंच यातून दिसतं.

दुसरी मंडळी संस्कृतवाली. 'गुंठ्' म्हणजे झाकणे, वेढणे, त्यावरून अवगुंठन. म्हणून बांधाने वेढलेला तो गुंठा! मराठी शब्दाच्या दारात कानडी शब्द उभा दिसला की यांना काशीची वाट आठवते. शेजारच्या कानडी शेतकऱ्याला विचारा, तो 'गुंटे' म्हणेल. तेलंगणात गेलात तर 'गुंट'. ठ आपण लावला.

माझं मत ऐका. आपण ज्याला कुळव म्हणतो, त्याला कानडीत 'कुंटे' म्हणतात. तेलुगूत तोच 'गुंटक'. म्हणजे क-ग ची अदलाबदल तिथेच झालेली. औताच्या नावावरून रानाचं माप पडणं ही या भागाची जुनी खोड आहे. पेरणीची कुरी घ्या, कानडीत ती कूरिगे. एका कुरीने दिवसभरात जेवढं पेरून होईल तेवढी जमीन म्हणजे कुरगी. काळ्या रानात तिचा आकार वेगळा, तांबड्या माळावर वेगळा. कुरीवरून कुरगी होते, तर कुंट्यावरून गुंटे का होऊ नये? कुळव दिवसात गुंठ्याच्या कितीतरी पट रान काढतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण कुंट्याने हाताळायचा लहानसा तुकडा असा अर्थ घेतला की अडचण मिटते. निदान माझी तरी मिटली.

गंमत म्हणजे साहेबाचा एकरही बैलाचाच. एका बैलजोडीने दिवसात नांगरायची जमीन, ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद. त्या लांबीलाच फर्लांग म्हणतात, म्हणजे मुळात नांगराचं एक लांब तास. आपल्या साखळीने मोजलं तर वीस साखळ्या. फर्लांगभर चालून पाणी आणणाऱ्या आमच्या आजीला आपण इंग्रजी तास मोजतोय याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात एक कुरकुर आणखी. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीची शीव ओलांडली की सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आणि आपल्या बेळगावकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे. दोन्हीकडे जमीन असलेले लोक 'आर म्हणजेच गुंठा' म्हणून बेरीज करून टाकतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. हेक्टराचे शंभर गुंठे होत नाहीत, ९८.८४ होतात. इथे वीतभर बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात आणि हेक्टरामागे गुंठ्याहून जास्त रान असं तोंडी उडवतात!

हां, वाटणीपत्र. ३॥ मधल्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, २। मधली एक म्हणजे पाव. तो पूर्णविराम नव्हे. म्हणजे साडेतीन साखळ्या आणि सव्वादोन साखळ्या. पावाचे चार आणे, तेव्हा सव्वादोन म्हणजे दोन साखळ्या चार आणे. एक साखळी १०.०६ मीटर धरा: पूर्वपश्चिम ३५.२ मीटर, दक्षिणोत्तर २२.६. गुंठ्यांसाठी मीटरच्या नादी लागूच नका, साखळ्यांचाच गुणाकार करा. ७.८७५ येतात, म्हणजे सात गुंठे चौदा आणे, कारण गुंठ्याचेही आणे सोळाच. फक्त उतारा काढून ताडून बघा. तिथे साडेएकतीस गुंठे निघाले तर लिहिणाऱ्याच्या हातात ६६ फुटी साखळी होती, आणि माझे मीटर तुम्ही दुप्पट करून घ्या.