वाचकांचे प्रश्न : ‘थ्रीज’ आणि ‘२०४८’ यांच्या गुणांचे गणित

प्रश्न : ‘थ्रीज’ हा आकड्यांचा मोबाइल गेम आम्ही दोघी बहिणी आवडीने खेळतो. डाव चालू असताना स्कोअर कुठेच दिसत नाही. तो शेवटी एकदम समोर येतो. परवा माझा डाव संपला तेव्हा पटावर १९२, ४८, २४ आणि १२ यांचा प्रत्येकी एक पत्ता, ६चे दोन, ३चे तीन, २चे तीन आणि १चे चार पत्ते होते. मला २,५६५ गुण मिळाले. बहिणीच्या पटावर ९६, ४८, २४, १२, ६, ३, २ आणि १ या प्रत्येक आकड्याचे दोन-दोन पत्ते होते आणि तिला २,१८४ गुण मिळाले. पत्त्यांवरच्या आकड्यांची बेरीज केली, तर माझी ३०७ आणि तिची ३८४ भरते. तिची बेरीज जास्त असून तिचे गुण कमी कसे? हे गुण नेमके कशावरून ठरतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण अखेरच्या पटावरचे सगळे पत्ते लिहून ठेवले, ही फार चांगली गोष्ट केली. बहुतेक खेळाडू केवळ एकूण गुण लक्षात ठेवतात आणि मग ते कुठून आले याचा शोध घेण्यासाठी हाती काहीच उरत नाही. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती द्यायला हवी. ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी तयार केलेला ‘थ्रीज’ फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोनवर आला आणि त्याच वर्षी त्याला ॲपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला. चार आडव्या आणि चार उभ्या ओळींच्या पटावर, म्हणजे सोळा घरांत, पत्ते सरकवायचे असतात. १ आणि २ एकत्र आले की ३ होतो. त्यापुढे मात्र समान आकड्यांचेच पत्ते जुळतात, म्हणजे ३ आणि ३ मिळून ६, ६ आणि ६ मिळून १२, याप्रमाणे. प्रत्येक खेळीत पत्ते एकच घर सरकतात आणि ज्या कडेला जागा मोकळी होते तिथून एक नवा पत्ता आत येतो. पट भरला आणि कुठलीही जोडी जुळेनाशी झाली की डाव संपतो.

आता आपल्या शंकेकडे वळू. कोणताही पत्ता दुसऱ्याशी जुळला, तरी पटावरच्या आकड्यांची बेरीज तसूभरही बदलत नाही, कारण २४ आणि २४ मिळून जो ४८ होतो तो त्या दोघांच्या बेरजेइतकाच असतो. बेरीज वाढते ती फक्त नवा पत्ता आत आल्यावर. त्यामुळे ३०७ आणि ३८४ हे आकडे एवढेच सांगतात की बहिणीच्या डावात जास्त भर आत आली, म्हणजे बहुधा तिचा डाव अधिक लांबला. आत आलेले पत्ते किती कौशल्याने जुळवले, याविषयी बेरीज काहीच सांगत नाही. गुण द्यायचे ते कौशल्याला द्यायचे असतील, तर गेमला बेरजेपेक्षा वेगळे माप लागणार हे उघड आहे.

ते माप तीनच्या घातांचे आहे. १ आणि २ या पत्त्यांना शून्य गुण मिळतात. ३ला ३, ६ला ९, १२ला २७, २४ला ८१, ४८ला २४३, ९६ला ७२९ आणि १९२ला २,१८७ गुण मिळतात. पत्त्यावरचा आकडा प्रत्येक पायरीला दुप्पट होतो, पण त्याचे गुण तिप्पट होतात, एवढाच हा नियम आहे. डाव संपल्यावर मोजणी होते तेव्हा प्रत्येक पत्त्याच्या वाट्याचे गुण त्या पत्त्यावर उमटतात. ते भराभर पुढे सरकत असल्याने नजरेतून सुटतात, म्हणून त्या क्षणी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

आपल्या डावाचा पडताळा पाहा : १९२चे २,१८७, ४८चे २४३, २४चे ८१, १२चे २७, दोन ६चे मिळून १८ आणि तीन ३चे मिळून ९. एकूण २,५६५. बहिणीच्या डावात ९६पासून ३पर्यंतच्या एकेका पत्त्याचे गुण ७२९, २४३, ८१, २७, ९ आणि ३, म्हणजे १,०९२ होतात. प्रत्येक पत्ता दोनदा असल्याने त्याची दुप्पट २,१८४. दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. आपल्या एकट्या १९२ने मिळवलेले २,१८७ गुण बहिणीच्या संपूर्ण पटापेक्षा तीन गुणांनी जास्त आहेत. तिचे दोन ९६ शेजारी आले असते, तर त्या दोघांच्या १,४५८ गुणांच्या जागी २,१८७ गुण झाले असते आणि तिने आपल्याला सहज मागे टाकले असते.

कोणतीही समान जोडी जुळली की दोघांचे मिळून जितके गुण होते, त्यांच्या दीडपट गुण होतात. जोडी जितकी मोठी, तितकी ही वाढ मोठी. पटाच्या दोन टोकांना अडकलेले दोन मोठे समान पत्ते हे म्हणूनच या खेळातले सर्वांत मोठे नुकसान असते, आणि ते डाव चालू असताना कळत नाही, कारण समोर आकडा नसतो. अनुभवी खेळाडू सर्वांत मोठा पत्ता एका कोपऱ्यात ठेवून त्याच्या लगत उतरत्या क्रमाने पत्ते रचत जातात, त्यामागे हेच गणित आहे. खेळताना स्कोअर झाकून ठेवणे मला योग्यच वाटते. त्यामुळे खेळाडू दर खेळीला आकड्याकडे न पाहता पटाकडे पाहतो. मात्र तिपटीचा नियम सुरुवातीच्या शिकवणीतच एका वाक्यात सांगितला असता, तर कोणाचेही काही बिघडले नसते.

मोजणीच्या वेळी गुण उमटत नसते, तरी आपल्याला नियम काढता आला असता का? आला असता, पण या दोन पटांवरून नव्हे. आपल्या पटावर आठ वेगवेगळे आकडे आहेत, म्हणजे आठ अज्ञाते, आणि समीकरण एकच. मोठे पत्ते न बनवता एक-दोन डाव मुद्दाम लवकर संपवले, म्हणजे पटावर ६ किंवा १२च्या वर काही राहत नाही आणि अज्ञाते मोजकी उरतात. लहान पत्त्यांची किंमत एकदा निश्चित झाली की पुढच्या डावात त्याहून एकच पायरी मोठा पत्ता येऊ द्यावा आणि एकूण गुणांतून ज्ञात पत्त्यांचे गुण वजा करावेत. उरतील ते त्या नव्या पत्त्याचे. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची ही शिस्त पाळली, तर ज्या गेममध्ये काहीच दाखवले जात नाही तिथेही बरेच काही उलगडते.

प्रश्न : वरच्यासारखीच अडचण मला ‘२०४८’ या गेमबाबत आहे. तिथे स्कोअर सतत दिसतो, तरीही हिशेब लागत नाही. माझा डाव संपला तेव्हा पटावर २५६, १२८, ६४ आणि ३२ प्रत्येकी एक, १६ दोन, ८ तीन, ४ चार आणि २ तीन होते, गुण ३,०६४. यापूर्वी जवळजवळ अशाच पटावर थोडे वेगळे गुण मिळाले होते. शेवट सारखा असताना गुण वेगळे कसे होऊ शकतात?
— एक वाचक, पणजी

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराची किल्ली आहे. अखेरचा पट सारखा असूनही गुण वेगळे येत असतील, तर ते पटावरून ठरत नसून तिथवर पोहोचण्याच्या वाटेवरून ठरतात. ‘थ्रीज’ खात्यातली अखेरची शिल्लक पाहतो, तर ‘२०४८’ वर्षभरात झालेल्या व्यवहारांची बेरीज करतो.

गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने हा गेम मार्च २०१४ मध्ये, म्हणजे ‘थ्रीज’नंतर महिन्याभरात प्रसिद्ध केला आणि त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली ठेवली. त्यामुळे त्याचे नियम तर्काने काढावे लागत नाहीत, ते सरळ वाचता येतात. दोन समान टाइल जुळून जी नवी टाइल तयार होते, तिच्यावरचा आकडा गुणांत मिळवला जातो. प्रत्येक खेळीनंतर एक नवी टाइल येते. ती दहापैकी नऊ वेळा २ची आणि एकदा ४ची असण्याची शक्यता ठेवलेली आहे. फरक पडतो तो या आयत्या आलेल्या ४मुळे. दोन २ जुळवून ४ केला, तर आपल्याला ४ गुण मिळतात. तोच ४ आयता आला, तर त्याचा एकही गुण मिळत नाही. पटावर दोन्ही ४ अगदी सारखेच दिसतात.

यावरून एक सुंदर हिशेब करता येतो. सगळ्या टाइल केवळ २पासून बनल्या असे क्षणभर गृहीत धरू. मग ४ बनवण्यात ४ गुण मिळतात. ८ बनवण्यात त्याचे स्वतःचे ८ आणि त्यातल्या दोन ४चे ८ असे १६, त्याच रीतीने १६ बनवण्यात ४८, ३२मध्ये १२८, ६४मध्ये ३२०, १२८मध्ये ७६८ आणि २५६मध्ये १,७९२ गुण असतात. टाइलवरचा आकडा २चा कितवा घात आहे ते पाहायचे, त्यातून एक वजा करायचा आणि टाइलवरच्या आकड्याने गुणायचे : २५६ म्हणजे २चा आठवा घात, म्हणून सात गुणिले २५६. आपल्या पटासाठी ही बेरीज १,७९२, ७६८, ३२०, १२८, दोन १६चे ९६, तीन ८चे ४८ आणि चार ४चे १६ मिळून ३,१६८ होते. प्रत्यक्षात आपल्याला ३,०६४ मिळाले. कमी पडलेले १०४ गुण आयत्या ४मुळे गेले, आणि प्रत्येक आयता ४ चार गुण नेतो, म्हणून आपल्या डावात बरोबर २६ वेळा ४ची टाइल आयती आली होती.

याच्याही पुढे जाता येते. आपल्या पटावरच्या आकड्यांची बेरीज ५५८ आहे. त्यातले १०४ त्या २६ टाइलनी आणले. उरलेले ४५४ म्हणजे २च्या २२७ टाइल. एकूण २५३ टाइल आल्या. डावाच्या आरंभी दोन टाइल मांडलेल्या असतात आणि पुढे दर खेळीला एक येते, तेव्हा आपण २५१ खेळ्या खेळलात. २५३मध्ये २६ हे प्रमाण दहात एक या नियमाच्या किती जवळ आहे, हेही पाहण्यासारखे आहे. आपण नोंद ठेवली नव्हती, तरी अखेरचा पट आणि एक आकडा एवढ्यावरून सगळ्या डावाची ही माहिती हाती आली, म्हणून मला हा गेम गणित शिकणाऱ्या मुलांना दाखवावासा वाटतो.

२०४८ची टाइल बनवताना या हिशेबाने जास्तीत जास्त २०,४८० गुण होतात. सर्वसाधारण डावात आयत्या ४मुळे त्यातले पावणेचारशेच्या आसपास कमी होतात. कोणी ती टाइल बनवून २०,१०० सांगितले आणि दुसऱ्याने २०,०६० सांगितले, तर त्या फरकाला कौशल्याचा फरक समजू नये.

प्रश्न : ‘थ्रीज’मध्ये मला २ हवा असतो तेव्हा गेम मुद्दाम १ देत राहतो, असे वाटते. हे खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. गेमला आपली गरज माहीत नसते. खेळाडूंनी पत्त्यांच्या नोंदी ठेवून जे शोधून काढले आहे, त्यानुसार चार १, चार २ आणि चार ३ अशा बारा पत्त्यांचा गठ्ठा पिसला जातो, तो संपेपर्यंत त्यातलेच पत्ते येतात आणि मग नवा गठ्ठा सुरू होतो. पटावर ४८ किंवा त्याहून मोठा पत्ता झाल्यावर अधूनमधून येणारे बक्षिसाचे मोठे पत्ते या गठ्ठ्याबाहेरचे असतात, म्हणून ते मोजायचे नाहीत. एका गठ्ठ्यातले चारही २ सुरुवातीलाच येऊन गेले आणि पुढच्या गठ्ठ्यात ते सर्वांत शेवटी आले, तर मधले सोळा पत्ते २विना जाऊ शकतात. ही वाईटातली वाईट स्थिती आहे; याहून लांब दुष्काळ पडू शकत नाही. आपल्याला जो राग येतो तो बहुधा अशाच एखाद्या लांबलेल्या टप्प्यात येत असावा.

यावर उपाय मात्र आपल्याच हाती आहे. डावाच्या आरंभी पटावर नऊ पत्ते मांडलेले असतात, म्हणून सुरुवातीपासून मोजणी करणे जरा कठीण जाते. पण एकदा गठ्ठा कुठे संपतो याचा अंदाज आला की निळे आणि लाल पत्ते मनात मोजत राहावे. निळा म्हणजे १ आणि लाल म्हणजे २, आणि पुढचा पत्ता कोणत्या रंगाचा आहे हे गेम आधीच दाखवतो. सात पत्त्यांत चारही लाल येऊन गेले असतील, तर उरलेल्या पाचांत लाल नाही हे निश्चित समजावे आणि तेवढ्या खेळ्यांपुरते पटावरचे १ एका कडेला ठेवून ३ आणि त्यापुढचे पत्ते जुळवण्याकडे लक्ष द्यावे.