हिशोबाचं सॉफ्टवेअर दुकानातल्या सर्व्हरवर ठेवावं की क्लाउडवर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की दोन दुकानं अन् एक गोडाऊन आहे, तर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आपल्याच सर्व्हरवर ठेवू की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेऊ. खालच्या बऱ्याच जणांनी "डेटा आपल्या घरात असलेला बरा" असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलो.

आमची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे, शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देतो. सर्व्हर माळ्यावर, बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर, अन् पेनड्राइव्हवर कॉपी मुनीमजींना आठवेल तेव्हा. मी दोन वर्षं दादाच्या मागं लागलो होतो की बाहेर कुठंतरी ठेवू, दादाचं एकच, आपला माल आपल्या कुलपात. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं ते आठवत असेल, त्याच दिवसांत एका संध्याकाळी लाईट दोनतीनदा गेली आली, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली, अन् हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्हवरची कॉपी निघाली 19 दिवसांपूर्वीची, म्हणजे ऐन आवकेचे 19 दिवस साफ. पट्ट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाच्या, कार्बन कॉपी होत्या म्हणून वाचलो, रात्र रात्र बसून मी अन् मुनीमजींनी हमाली, तोलाई, आडत सगळं परत चढवलं. पण एक पावती पुस्तक चढवायचं राहिलं. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पेरणीला घेतलेली 40 हजाराची उचल दसऱ्याच्या आधीच फेडली होती, ती आमच्या खात्यावर उभीच, अन् त्यांच्या भिजलेल्या सोयाबीनच्या पट्टीतून मुनीमजींनी ती परत कापली. ते शेतकरी काही बोलले नाहीत, बंडीच्या खिशातून घडी घातलेली पावती काढून गादीवर ठेवली. वडील उठून उभे राहिले, हात जोडले, पैसे दिले. वडिलांना तसं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या हंगामात ते शेतकरी आमच्याकडं आले नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे, क्लाउडवर जा. दादा अजून म्हणायलाय की लायसन एकदा घेतलं की कायमचं, अन् क्लाउडचं भाडं जन्मभर. अरे पण रिन्युअल दरवर्षी भरतोच की, बॅटऱ्या, डिस्क, अँटीव्हायरस, दुरुस्तीवाल्याच्या फेऱ्या याची बेरीज कोणी मांडली? अन् कुलपाचं म्हणाल तर घरून बघता यावं म्हणून लोक रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे बाहेरून कॉम्प्युटर चालवायचं दार, इंटरनेटला उघडा टाकतात, पासवर्ड दुकानाच्या नावाचा, डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर बऱ्याचदा तिथूनच शिरतो.

आता एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे होती. क्लाउडवर टॅली म्हणजे बहुतेक ठिकाणी टॅली तीच, फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्यानं बसवलेली, आपण रिमोटनं उघडायची. झोहो बुक्ससारखं ब्राउझरमध्येच चालणारं सॉफ्टवेअर वेगळं, तिथं अपडेट, बॅकअप त्यांचं ते बघतात, पण टॅलीची सवय असलेला मुनीम तिथं अडखळतो. पहिल्या प्रकारात बॅकअप कोण घेतं, किती दिवसांचा ठेवतात हे लेखी घ्या. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 2022 च्या नियमानुसार रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर लागतो. अन् भाडं बंद केलं तर डेटा कसा मिळणार तेही विचारा, कारण जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळायचे असतात. आम्ही दर शनिवारी क्लाउडवरची कॉपी खाली उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो, उघडली तरच तो बॅकअप धरतो.

नेट मात्र दोन ठेवा. रस्ता खोदताना फायबर तुटलं की आमचं दुकान मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, बिलिंगला पुरतं, चार जण एकदम बसले तर हळू पडतं. तुमच्या गोडाऊनला रेंजच नसेल तर तिथलं बिलिंग तिथल्याच मशीनवर राहू द्या, एवढं मी दादाचं मान्य करतो. पण आमच्या गोडाऊनला रेंज चांगली आहे, तरी तिथली कंपनी (टॅलीत एका हिशोबाच्या डेटाला कंपनी म्हणतात) दादानं अजून तिथल्या जुन्या मशीनवर ठेवलीय, अन् यंदाची सोयाबीन यायच्या आत ती मला क्लाउडवर न्यायचीच आहे.