फोटो माझा, फलक त्यांचा

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. कालव्याच्या पाण्यासाठी निघालेल्या मोर्चाचे फोटो संघर्ष समितीने पैसे देऊन माझ्याकडून काढून घेतले. लेखी करार नाही. त्यातला एक मी नावाच्या वॉटरमार्कसह फेसबुकवर टाकला. विधानसभेची निवडणूक लागताच एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी वॉटरमार्क कापला, एका आजींच्या हातातल्या ‘टेलला पाणी द्या’ (टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक) या फलकावर उमेदवाराचं नाव चढवलं आणि फ्लेक्स लावले. फोटो माझा हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्या पक्षाचा ठरलो. लग्नाच्या दोन ऑर्डरी गेल्या. कार्यकर्ते म्हणतात, ‘फेसबुकवर टाकला म्हणजे सगळ्यांचा झाला.’ काय करता येईल?

उत्तर : कार्यकर्त्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. फोटो सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरीही हक्क बुडत नाही.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे मालकी बहुधा समितीची. पण इथे खचून जाऊ नका. फोटोचा कर्ता तुम्हीच आहात आणि कलम ५७ कर्त्याला असा हक्क देतं जो मालकी गेली तरी त्याच्याकडेच राहतो : कृतीवर आपलं नाव सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणली तर ती थांबवून भरपाई मागण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाखाली त्यांना ५ लाख रुपये भरपाई दिली. तुमच्या बाबतीत तर पाणी मागणाऱ्या बाईला प्रचारक करून टाकलंय. मला हे फार गंभीर वाटतं. त्या आजी स्वतःही वेगळी तक्रार करू शकतात.

लौकिकाला बाधा आली हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. ऑर्डर रद्द करणाऱ्यांचे मेसेज जपा. मूळ फाइल कॅमेऱ्याच्या कार्डासकट बाजूला काढा, त्यावर काहीही एडिट करू नका. त्यांनी तो फोटो फेसबुकवरही टाकला असेल, तर त्या पोस्टचे स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसह घ्या. न्यायालयात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मधल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात. फ्लेक्स उतरण्याआधी त्याचा खालचा कोपरा जवळून टिपा. निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारक आहे. नाव सापडलं तर नोटीस कुणाला पाठवायची ते कळलं. नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्या.

अशा पोस्टबद्दल फेसबुककडे करायची तक्रार समितीच्या सहीने जाऊ द्या, कारण तिथे मालकाची तक्रार लागते. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मजकूर रोखण्याची तरतूद आहे, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. म्हणून जिल्हा न्यायालयात मनाईचा अर्ज त्याच आठवड्यात करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२मुळे दावा तुमच्याच जिल्ह्यात चालेल. तुमचं नाव जाणूनबुजून कापणं हा त्याच कायद्याच्या कलम ६५-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. त्याच कायद्याच्या कलम ६३चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलंय, तेव्हा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ठाण्यात ऐकवलं गेलं तर त्या निकालाची प्रत पुढे ठेवा.