सोसायटीसमोरच्या फुटपाथचा खर्च कुणी करायचा: सोसायटीने की महापालिकेने?

फुटपाथ उखडलाय, महापालिका दाद देत नाही, तर सोसायटीने वर्गणी काढून तो करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: एक रुपयाही काढू नका.

मी पुण्यातल्या एका सोसायटीच्या कमिटीवर आहे, तेव्हा इथलंच सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, आणि त्या कायद्याच्या रस्त्याच्या व्याख्येत पायवाटही येते. मिळकतकर आपण भरतोच. मुंबईत तर बिलात ‘पथ कर’ अशी वेगळी ओळ असते.

पण पैशापेक्षा मला भीती वाटते ती सोसायटी फुटपाथवर हक्क सांगू लागेल याची. आमच्या रस्त्यावर एका सोसायटीने पदरमोड करून गुळगुळीत टाइल्सचा फुटपाथ केला. सहा महिन्यांत त्यावर कुंड्या आल्या, मग साखळी, मग गाड्यांसाठी गेटपासून उतार. आता वॉचमन लोकांना ‘बाजूने जा’ सांगतो. ज्यांना सांगतो त्या बहुतेक घरकामाच्या बायका आणि बसला निघालेली शाळेची पोरं, म्हणजे त्या सोसायटीत न राहणारी माणसं. फुटपाथ वापरतात तीच! शिवाय वर्गणीवर चालायचं म्हटलं, तर वस्तीसमोर फुटपाथ कधीच व्हायचा नाही.

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये घरासमोरच्या फुटपाथची जबाबदारी घरमालकावर होती. एका घरासमोर चांगला, पुढच्यासमोर फुटका, त्यापुढे गायब. शेवटी 2022 साली तिथल्या मतदारांनीच ते काम शहराकडे सोपवलं, सगळ्या मिळकतींवर शुल्क बसवून. थोडा थोडा भार सगळ्यांवर आणि काम एका हाती, हे मला पटतं.

एक मात्र आहे, जो फोडेल त्याने भरावं. केबलवाले पेव्हर ब्लॉक उचलतात, चर खणतात, वर राडारोडा लोटून ब्लॉक तसेच मांडून जातात. खालची वाळू दाबलेलीच नसते, त्यामुळे पहिल्या पावसात ब्लॉक डुगडुगतो आणि पाय पडला की सलवारीवर चिखलाची पिचकारी. खोदाईचं शुल्क महापालिका आधीच घेते. ते वसूल करून त्याच जागी लावलं जातंय का, हे विचारायला हवं. बिल्डरचे ट्रक फुटपाथवर चढत असतील, तर भरपाई बिल्डरकडून.

अपवाद एकच: ले-आउटमधला अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल, तर तो तुमचा, खर्चही तुमचा. हे आधी तपासा, नाहीतर वॉर्ड ऑफिसला पहिल्याच वाक्यात तुम्हाला परत पाठवायला निमित्त मिळेल.

नंतर माहिती अधिकारात त्या फुटपाथचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ, मागवा. कालावधी संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते. इंजिनिअर हे स्वतःहून सांगत नाहीत. संपला असेल आणि तुम्ही पुण्यातच असाल, तर नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात, म्हणजे महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांनी कामं सुचवायच्या योजनेत, हे काम सुचवा. ही सोय इथे 2006 पासून आहे. अर्जावर सोसायटीच्या शिक्क्याबरोबर समोरच्या दुकानदारांच्या आणि जवळच्या शाळेच्याही सह्या घ्या. आणि मोजपट्टी लावलेले फोटो जोडा, नुसते खड्ड्याचे नकोत.