'उद्योग' कारखान्यात कधी गेला?

प्रश्न असा होता: "मुलगी औद्योगिक क्रांतीचा धडा वाचत होती, मधेच तिनं विचारलं की आजी मला 'हा काय उद्योग करून ठेवलास' म्हणून ओरडते तोच हा उद्योग का? मला धड उत्तर देता आलं नाही. दोन्ही शब्द एकच का? आणि औद्योगिकीकरण बरोबर की औद्योगीकरण?"

मुलीला सांगा, हो, तोच. आणि खरं सांगायचं तर आजीचा उद्योग जुना आहे, पुस्तकातला नवा.

उद् + युज्. युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. योग, उपयोग, प्रयोग सगळे त्याच घरातले, आणि इंग्रजीतलं योक म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, तेही लांबचं नातेवाईक. तर उद्योग म्हणजे स्वतःला कामाला जुंपून घेणं, कंबर कसणं, खटपट. महाभारतात पाचवं पर्व आहे उद्योगपर्व, त्यात कुणी कारखाना काढत नाही, युद्धाची तयारी चाललीय, दूत येतायत जातायत, सैन्य गोळा होतंय. सुभाषित आठवा, 'उद्योगिनं पुरुषसिंहमुपैति लक्ष्मीः', लक्ष्मी उद्योगी माणसाकडे येते. इथे उद्योग हा माणसाचा गुण आहे. धैर्य असतं, चिकाटी असते, तसा उद्योग असतो. तो तुमच्याकडे असतो किंवा नसतो, तुम्ही 'उद्योगात' असू शकत नाही, जसं कुणी चिकाटीत नोकरी करत नाही.

आजीचा उद्योग म्हणजे हीच खटपट, फक्त नको तिथे केलेली. 'नसते उद्योग', 'रिकामे उद्योग', 'उद्योग नाही का दुसरा' ही सगळी जुन्या अर्थाची शिल्लक आहे. भाषेत असं होतं, अर्थ समोरच्या दारानं निघून जातो आणि मागच्या ओसरीवर टोमण्यांमधे बसून राहतो.

आता गंमत अशी की इंग्रजीत अगदी हेच झालंय. इंडस्ट्री हा शब्द लॅटिन इंडस्ट्रियावरून आला, अर्थ मेहनतीपणा. इंग्रजीत कित्येक शतकं तो गुणच होता, अमक्याच्या अंगी फार इंडस्ट्री आहे असं म्हणायचे. आजही इंडस्ट्रिअस म्हणजे कष्टाळू आणि इंडस्ट्रिअल म्हणजे कारखान्याचं, एकाच मुळाची दोन विशेषणं आणि एकमेकांशी बोलणं बंद. आपल्याकडे उद्योगी आणि औद्योगिक तसेच. औद्योगिक माणूस म्हणून बघा कुणाला, हसेल.

मग हा गुण वस्तू कधी झाला? अ‍ॅडम स्मिथचं १७७६ चं 'वेल्थ ऑफ नेशन्स' हे अर्थशास्त्राचं पुस्तक घ्या. त्याच्याकडे इंडस्ट्री शब्द बराचसा जुन्याच अर्थानं येतो, लोकांची मेहनत या अर्थानं. पण त्याच पुस्तकात सुरुवातीला टाचण्यांच्या कारखान्याचं ते प्रसिद्ध वर्णन आहे, की एक टाचणी करायची तर साधारण १८ वेगवेगळी कामं, एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, आणि अशी कामं वाटून घेतली की १० माणसं दिवसात ४८,००० टाचण्या काढतात, पण तोच माणूस एकटा सगळं करायला बसला तर दिवसाला २० सुद्धा कदाचित होणार नाहीत. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात कामाच्या विभागणीचं उदाहरण म्हणून शिकवतात, मी ते शब्दाच्या बाजूनं वाचतो. या ४८,००० टाचण्यांमधे मेहनतीपणा कुणाचा? टोक काढणाऱ्याचा म्हणावा तर त्यानं आख्खी टाचणी कधी केलीच नाही. तो ढिला पडला तर त्याच्या जागी दुसरा येईल आणि टाचण्या येतच राहतील. म्हणजे उद्योगी आहे ती मांडणी. गुण माणसातून निघून त्या शेडला, त्या यंत्रांना, त्या सगळ्या बांधणीला चिकटला, आणि मग शब्दही त्याच्या मागोमाग गेला. मला तरी अर्थ सरकण्याचं हेच कारण पटतं.

व्यवसाय शब्दाचंही तेच बरं का. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'व्यवसायात्मिका बुद्धिः' आहे, तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय. आज फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो आणि त्यात कुणी 'निश्चय' लिहीत नाही.

क्रांती शब्दावर थोडं, कारण धड्याचं अर्धं नाव ते आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे, म्हणून संक्रांत, अतिक्रमण. ज्योतिषात क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याची आकाशातली वर्षभराची वाट, आहेच. इंग्रजी रेव्होल्यूशनही आधी आकाशातलंच, ग्रहांचं फिरणं, आणि नंतर राजकारणात उतरलेलं. औद्योगिक क्रांती ही जोडी फ्रेंच लेखकांनी आधी वापरली, स्वतःच्या राज्यक्रांतीच्या तोलानं, म्हणजे आमच्याकडे राजा गेला, इंग्रजांकडे चरखा गेला अशा थाटात. मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्यानं १८४५ मधे ती वापरली आणि इंग्रजीत ती रुळवली इतिहासकार अर्नोल्ड टॉयन्बीच्या व्याख्यानांनी, जी तो गेल्यावर १८८४ मधे छापली गेली (हा टॉयन्बी म्हणजे तो जगाच्या इतिहासाचे जाडजूड खंड लिहिणारा नव्हे, त्याचा काका). म्हणजे नाव पक्कं झालं तेव्हा ती क्रांती सुरू होऊन शंभर वर्षं उलटली होती. गिरणीत बारा तास उभं राहणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं की आपण औद्योगिक क्रांतीत आहोत.

आणि हे मला सगळ्यात आवडतं: जपानी इतिहासकार हायामी अकिरा यांनी मुद्दाम उलटा शब्द काढला, इंडस्ट्रिअस रेव्होल्यूशन. त्यांचं म्हणणं, इंग्लंडनं उत्पादन वाढवलं ते भांडवल आणि यंत्रं लावून, जपानच्या खेड्यांनी त्याआधी वाढवलं ते माणसांनी जास्त राबून. पुढे इतिहासकार यान द व्ह्रीस यांनी तोच शब्द युरोपला लावला, की यंत्रं यायच्या आधीपासूनच तिथली कुटुंबं बायकापोरांसकट जास्त तास काम करायला लागली होती, का तर बाजारात मिळणारं कापड, साखर, चहा विकत घ्यायला रोख पैसा हवा होता. इंग्रजीत हा नुसता श्लेष वाटतो पण मराठीत बघा किती सरळ बसतो, आधी उद्योगी क्रांती झाली, मग औद्योगिक. मी हे भाषांतर कुठे छापलेलं पाहिलेलं नाही, कुणी वापरलं तर खुशाल वापरा.

आता काम या शब्दाकडे, कारण उद्योग एकटा हलला नाही. पूर्वी विणकर घरीच असायचा, व्यापारी सूत आणून द्यायचा, घरातले सगळे कातायचे-विणायचे, तयार कापड व्यापारी घेऊन जायचा. तिथे काम 'करायचं' असतं. रिचर्ड आर्कराइटनं इंग्लंडात क्रॉमफर्डला १७७१ मधे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली, घंटेवर आत, घंटेवर बाहेर, बारा बारा तासांच्या पाळ्या, आणि तिथून काम ही 'जायची' जागा झाली. आपण किती सहज म्हणतो, कामावर गेलाय, कामावरून आला, कामावरून काढला. 'वर' हे अव्यय बघा, काम म्हणजे जणू ओटा, त्यावर चढायचं आणि कुणीतरी ढकललं की खाली. पाळी म्हणजे मुळात नुसता क्रम, खेळातसुद्धा आपली पाळी येते, ती घड्याळाला बांधली गेली. आणि न जाण्याला 'खाडा' म्हणायला लागलो. घरी बसून विणणाऱ्याचा खाडा कसा पडणार?

बेकारचं तर मला वाईटच वाटतं. फारसी बे + कार, काम नसलेला, इतकंच. आज पिक्चर बेकार असतो, मूड बेकार असतो, म्हणजे काम नसणं आणि टाकाऊ असणं एकच होऊन बसलं. इंग्रजीत बेकारी या अर्थाचा अनएम्प्लॉयमेंट शब्द सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, त्याआधी गरीब होते, आळशी होते, भटके होते, पण काम करायची तयारी आहे आणि काम नाही अशा माणसाला वेगळं नाव नव्हतं, म्हणून दोष त्याच्याच माथी जायचा. नाव मिळालं आणि मग तो सरकारचा प्रश्न झाला, ब्रिटनमधे १९११ च्या कायद्यानं काही धंद्यांतल्या कामगारांना बेकारीचा विमा मिळाला. शब्द आधी, हक्क मागून.

आता सगळ्यात खोचक शब्द. मॅन्युफॅक्चर. लॅटिनमधे मानु म्हणजे हातानं आणि फाकेरे म्हणजे करणे. हातानं केलेलं! आज त्याचा अर्थ बरोब्बर उलटा, यंत्रानं केलेलं. आणि त्याच सुमाराला गिरण्यांमधे माणसांना काय म्हणायला लागले, तर हँड्स. अमुक गिरणीत इतके हात आहेत. वस्तूतून हात गेला आणि माणसाचा फक्त हात उरला. कुणी ठरवून केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

राजकारणाचं म्हणाल तर कायद्यांची नुसती नावं वाचा. इंग्लंडात १८२३ च्या कायद्याचं नाव 'मास्टर अँड सर्व्हंट', धनी आणि चाकर. कामगारानं करार मोडून काम सोडलं तर गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, मालकानं मोडला तर तो फार तर दिवाणी वाद. १८७५ मधे तो गेला आणि जो आला त्याचं नाव 'एम्प्लॉयर्स अँड वर्कमेन'. चाकराचा कामगार झाला आणि त्याला जेलमधे टाकता येईना. मधल्या पन्नास वर्षांत संघटनाबंदीचे कायदे रद्द झाले (१८२४), मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला पहिल्यांदा स्वतःचे खासदार मिळाले (१८३२, तोवर ओल्ड सेरम नावाच्या जवळपास ओस टेकाडाला दोन होते आणि मँचेस्टरला एकही नाही), चार्टिस्ट म्हणवणाऱ्या चळवळीतल्या कामगारांनी मताच्या हक्कासाठी लाखो सह्या गोळा केल्या, १८६७ ला शहरी कामगारांतल्या बऱ्याच जणांना मत मिळालं. मत मिळाल्यावर आठ वर्षांत चाकर शब्द कायद्याच्या नावातून जातो, हा योगायोग मला वाटत नाही.

संप शब्दही इथेच सांगतो, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येईल. गुजरातीत संप म्हणजे आजही एकी, सलोखा. आपण काम बंद पाडण्याला संप म्हणतो, म्हणजे आपल्या शब्दात जोर एकीवर आहे. इंग्रजी स्ट्राइकची कथा निराळी, १७६८ मधे खलाशांनी पगारासाठी जहाजांची शिडं उतरवली, शिडं उतरवणं म्हणजे स्ट्राइक करणं. फ्रेंचमधे संपाला ग्रेव्ह म्हणतात, ते मुळात पॅरिसच्या नदीकाठच्या चौकाचं नाव, जिथे लोक कामाच्या आशेनं उभे राहायचे. आणि हरताळ म्हणजे हाटाला ताळा, दुकानाला कुलूप, म्हणून दुकानदारांचा हरताळ आणि कामगारांचा संप हा फरक पाळावा. टाळेबंदी मालकाची, ती वेगळीच. (सॅबोटाज, म्हणजे मुद्दाम केलेला घातपात, हा शब्द कामगारांनी यंत्रात लाकडी जोडा (फ्रेंच साबो) फेकण्यावरून आला ही गोष्ट मात्र सोडून द्या, ऐकायला छान आहे पण फ्रेंचमधे त्या क्रियापदाचा अर्थ जोडे खडखडवत चालणं आणि काम गचाळ करणं असा होता.)

तर मूळ प्रश्नाकडे. शब्द एक, अर्थ सरकलेला, आणि जाता जाता त्यानं माणूस बदलला. आज बातमीत 'उद्योगाची मागणी आहे', 'उद्योगांना सवलती', 'संपामुळे उद्योगाचं नुकसान' असं वाचतो तेव्हा हा उद्योग कोण बोलतोय? मालकांच्या संघटना. राबणाऱ्यांची मागणी असेल तर 'कामगारांची मागणी' अशी वेगळी बातमी येते, म्हणजे ज्याचा गुण होता तोच आता उद्योगाच्या बाहेर उभा, आणि वरून त्याच्यामुळे उद्योगाचं नुकसान. उद्योगपती शब्द जुन्या अर्थानं वाचून बघा एकदा, खटपटीचा मालक. दुसऱ्यांच्या खटपटीचा.

राहिलं औद्योगिकीकरण. जे नाही ते करणं यासाठी शब्दाच्या शेवटी ई होऊन करण लागतं. आधुनिक, आधुनिकीकरण. राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. म्हणून औद्योगिक, औद्योगिकीकरण. उद्योगापासून करायचं तर उद्योगीकरण होईल, तेही चालावं. औद्योगीकरण हे मधलं काहीतरी आहे, कारण 'औद्योग' असा शब्दच नाही. पण छापील मजकुरात तेही भरपूर दिसतं आणि बोलताना 'कीक' मधे जीभ अडखळते, त्यामुळे मुलीनं तसं लिहिलं तर मी मार्क कापणार नाही. 'उद्योगिक' लिहिलं तर मात्र अर्धा कापीन.